अब्बांची येझदी पुन्हा रस्त्यावर

तालुक्याच्या कोणत्याही गावात मोहल्ल्यातून चक्कर मारा, एखाद्या घरामागे अशी एक मोटारसायकल हमखास दिसते, जी कोणी चालवत नाही आणि कोणी विकतही नाही. भिंतीला टेकलेली, टायर बसलेले, सीटचा फोम उंदरांनी कोरलेला, अंगावर फाटकी ताडपत्री. कोणाच्या वडिलांची राजदूत, कोणाच्या चाचांची आरएक्स १००, कोणाची पहिल्या पगारातून घेतलेली हिरो होंडा. भंगारवाला दारावरून जाताना विचारतो, "द्यायची का?" घरातून उत्तर येते, "बघू." असे बघता बघता वर्षे निघून जातात.

आमच्या घरी ही गाडी होती १९८४ सालची येझदी. अब्बांचा कापडाचा धंदा. इचलकरंजीहून माल आणायचा आणि आसपासच्या आठवडी बाजारांत पाल ठोकून विकायचा. गाडीच्या मागे लुंग्या-चादरींचे गठ्ठे बांधलेले असायचे. मी गाडी शिकलो ती याच येझदीवर. कॉलेज आणि बी.एड. याच गाडीवर झाले. पुढे नोकरी लागली, लग्न झाले, मुले झाली. आधी स्कूटर आली, मग एक जुनी चारचाकी आली आणि मोटारसायकल सुटली. २००९ साली अब्बांचा इंतकाल झाला, तेव्हापासून येझदी परसात उभी होती. गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत ती पुन्हा चालू करायची असे ठरवले. काम संपायला सात महिने लागले. त्या सात महिन्यांत जे कळले ते इथे लिहितो आहे, कारण अशा गाड्या अनेक घरांत आहेत आणि त्यांच्या मागे प्रश्नही तेच आहेत.

गाडी कोणाची?

पाना हातात घेण्याआधीचा पहिला प्रश्न यंत्राचा नव्हता. भाईजान पुण्यात नोकरीला आहेत. फोनवर सांगितले तेव्हा ते म्हणाले, "घेऊन टाक, कोण विचारतंय!" मिरजेला दिलेली आपा काहीच बोलली नाही. अम्मी मात्र लगेच म्हणाल्या, "गाडी तुझ्या अब्बांची आहे. आधी तिची किंमत कर, मग तिला हात लाव."

ही गोष्ट साधी आहे, पण वाहनाच्या बाबतीत फारशी कोणी करत नाही. जमीन आणि घर म्हणजे वारसा, हे सगळ्यांना कळते. मोटारसायकल, शिलाई मशीन, घड्याळ या वस्तू मात्र ज्याच्या हाताला लागतात त्याच्या होऊन जातात. मय्यतीचा खर्च, कर्ज आणि वसियत वजा झाल्यावर जे उरते ते सगळे तरका असते. त्यात परसातली गंजलेली गाडीही येते.

दोन वेगवेगळ्या गॅरेजवाल्यांना गाडी दाखवली. आहे त्या अवस्थेत २४,००० रुपये अशी किंमत ठरली. दुरुस्तीच्या आधी किंमत ठरवणे महत्त्वाचे आहे. नंतर ठरवली तर मी घातलेले पैसे आणि अब्बांची गाडी यांचा गुंता होतो. हिशेब असा झाला: अम्मींचा आठवा हिस्सा म्हणजे ३,००० रुपये. उरलेल्या २१,००० चे पाच भाग. प्रत्येक भावाला दोन, बहिणीला एक. म्हणजे आम्हा दोघा भावांचे प्रत्येकी ८,४०० आणि आपाचे ४,२००. माझा हिस्सा वगळून १५,६०० रुपये मी तिघांना दिले आणि एका कागदावर सगळ्यांच्या सह्या घेतल्या.

आपा पैसे घेईना. "भावाकडून गाडीचे पैसे घेऊ?" म्हणाली. अम्मींनी तिला सुनावले, "आधी हातात घे. द्यायचेच असतील तर नंतर दे. न घेताच सोडलेला हक्क म्हणजे बक्षीस नव्हे." आपाने नोटा घेतल्या, मोजल्या आणि पदराच्या गाठीत बांधल्या. मग हळूच म्हणाली, "अब्बांच्या मागे माझ्या हातात आलेला हा पहिला रुपया."

यावर त्या दिवशी कोणी काही बोलले नाही. पण राहत्या घराच्या हिश्श्यांचा विषय आमच्याकडे निघाला तो त्यानंतरच. आता त्याचे कागद वकिलांकडे आहेत. चोवीस हजारांच्या गाडीचा हिशेब भांडण न होता पार पडला, म्हणून मोठ्या हिशेबाला बसायची हिंमत झाली.

म्हैसूरची गाडी

येझदीची हकीकत मोठी रंजक आहे. मूळ जावा कंपनी चेकोस्लोव्हाकियाची. फ्रान्तिशेक यानेचेक या उद्योजकाने १९२९ साली जर्मनीच्या वाँडरर कंपनीकडून मोटारसायकलचा कारभार विकत घेतला आणि दोन्ही नावांची सुरुवातीची अक्षरे जोडून ‘जावा’ हे नाव केले. भारतात रुस्तम आणि फारूख इराणी यांनी म्हैसूरला आयडियल जावा हा कारखाना काढला. १९६१ पासून तिथे जावा बनू लागली. १९७३ पासून त्याच कारखान्यातून ‘येझदी’ या नावाने गाड्या निघू लागल्या. इराणमधल्या यज्द शहराशी हे नाव जोडले जाते. १९७८ साली रोडकिंग हे मॉडेल आले. १९९६ मध्ये कारखाना बंद पडला. आज शोरूममध्ये जावा आणि येझदी या नावांनी मिळणाऱ्या गाड्या नव्या कंपनीच्या आणि फोर-स्ट्रोक इंजिनाच्या आहेत. जुन्या गाडीशी त्यांचे नाते नावापुरतेच.

जुनी येझदी २५० सीसी गटातली टू-स्ट्रोक गाडी. सिलिंडर एकच, पण सायलेन्सर दोन. किक आणि गिअर यांना एकच दांडा. तो आत दाबून वर फिरवला की किक, खाली आणला की गिअर. नवीन माणूस पहिल्यांदा बसला की किकचा दांडा शोधत राहतो.

उस्तादांच्या दारात

आमच्या गावात जुन्या गाड्यांचे काम करणारे एकच उस्ताद उरले आहेत. वय सत्तरच्या पुढे. गाडी टेम्पोतून उतरवल्यावर मी सवयीने किकवर पाय ठेवला, तसे ते ओरडले, "सर, हात जोडतो, किक मारू नका!"

कारण नंतर समजले. टू-स्ट्रोक इंजिनात वेगळे व्हॉल्व्ह नसतात. पेट्रोल आणि हवेचे मिश्रण आधी क्रँकच्या पेटीत येते आणि तिथून सिलिंडरमध्ये ढकलले जाते. त्या इंजिनाला वंगण मिळते तेही पेट्रोलमध्ये मिसळलेल्या ऑइलमधूनच. गाडी वर्षानुवर्षे उभी राहिली की पेट्रोल उडून जाते आणि मागे चिकटा राहतो. तो कार्बोरेटरच्या जेटमध्ये बसतो. दमट हवेने सिलिंडरच्या भिंतीला गंज चढतो आणि पिस्टनच्या रिंगा तिथेच चिकटतात. अशा वेळी जोरात किक मारली तर रिंग तुटते, सिलिंडरला ओरखडे पडतात आणि खर्च दुप्पट होतो.

उस्तादांनी प्लग काढला, आत डिझेल आणि ऑइल ओतले आणि गाडी आठ दिवस तशीच ठेवली. नंतर चौथा गिअर टाकून मागचे चाक हाताने थोडे पुढे, थोडे मागे असे हलवत राहिले. दुसऱ्या दिवशी दुपारी पिस्टन सुटला. त्या क्षणी उस्तादांनी फक्त "अल्हम्दुलिल्लाह" म्हटले आणि चहा मागवला.

मग पूर्ण इंजिन खोलले. सिलिंडर बोअर करायला कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात नेला. तिथल्या लेथवर असली कामे पिढ्यान्‌पिढ्या होत आली आहेत. बोअर केल्यावर मूळ मापापेक्षा किंचित मोठा पिस्टन बसवावा लागतो. क्रँकचे बेअरिंग आणि दोन्ही बाजूंचे ऑइल सील बदलले. सीलबद्दल उस्ताद फार हट्टी. रबर जुने झाले की कडक होते आणि तिथून बाहेरची हवा आत शिरते. पेट्रोल कमी, हवा जास्त असे मिश्रण तयार होते. इंजिन जास्त तापते आणि रस्त्यातच पिस्टन जाम होतो. चालत्या गाडीचा पिस्टन जाम झाला की मागचे चाक लॉक होते. म्हणून "चालू झाली म्हणजे दुरुस्त झाली" हे जुन्या गाडीला लागू नाही. घरी प्लग साफ करून, कार्बोरेटर धुऊन गाडी सुरू करणारे पुष्कळ असतात. ती सुरू होतेही. धोका तिथूनच सुरू होतो.

उस्तादांचा दुसरा नियम होता: "आधी थांबायची सोय, मग पळायची." इंजिन लेथवर होते तोवर त्यांनी ब्रेक पुरे केले. दोन्ही चाकांचे लायनर, ब्रेक आणि क्लचच्या केबली, चाकांचे बेअरिंग, सैल झालेले आरे, सगळे झाले. टायर वरून बरे दिसत होते, पण बाजूला बारीक भेगा होत्या. टायरवर चार आकड्यांचा शिक्का असतो. ‘२३१९’ असेल तर तो टायर २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात बनला. वापरलेली गाडी घेणाऱ्या प्रत्येकाने हा आकडा आधी वाचावा.

टाकीचे काम जपून करायचे असते. आत गंज होता. मूठभर नट टाकून टाकी हलवत राहिलो, मग धुऊन वाळवली. टाकीला भोक असेल तर ती तशीच वेल्डिंगला कधीही देऊ नये. रिकाम्या टाकीत पेट्रोलची वाफ असते आणि ठिणगी पडताच ती फुटते. आणखी एक गोष्ट आजच्या पेट्रोलची. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. इथेनॉल हवेतले पाणी ओढून घेते आणि जुन्या रबराला खाते. त्यामुळे पेट्रोलची नळी आणि कॉकचे वॉशर नवे घातले. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी आणि कार्बोरेटर रिकामे करून ठेवतो.

सुट्या भागांसाठी पुण्याच्या जुन्या बाजाराच्या दोन खेपा झाल्या. मंगळवार पेठेत तो रविवारी आणि बुधवारी भरतो. मागचा दिवा आणि स्पीडोमीटरची काच तिथे मिळाली. नववीतल्या माझ्या मुलीने खोललेला प्रत्येक भाग मिठाईच्या डब्यांत ठेवून त्यावर चिठ्ठ्या लावल्या आणि वहीत चित्रे काढली. जोडणीच्या वेळी उस्तादांनी त्या वहीवरून दोन वॉशरांची जागा तपासली, तेव्हा तिच्या चेहऱ्यावरचा आनंद पाहण्यासारखा होता.

कागद

आमच्या येझदीला ‘एमएच’ आहेच कुठे! १९८९ च्या आधीचा तीन अक्षरांचा नंबर आहे. अशा गाड्यांची नोंद पुष्कळदा आरटीओच्या संगणकात नसते. जुन्या रजिस्टरवरून ती आधी चढवून घ्यावी लागते. मूळ आरसी बुक जपलेले असेल तर निम्मे काम झाले. मालक हयात नसेल तर नाव बदलण्यासाठी फॉर्म ३१ भरायचा. त्याला मृत्यूचा दाखला आणि बाकीच्या वारसांची संमती जोडायची. आमचा सह्यांचा कागद घरच्या हिशेबाचा होता. तो आधीच झाला असल्याने वारसांची प्रतिज्ञापत्रे एका दिवसात तयार झाली. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षे चालते. पुढे दर पाच वर्षांनी गाडी दाखवून फॉर्म २५ वर ती वाढवून घ्यायची असते. त्यासोबत पर्यावरण कर, विमा, पीयूसी आणि नव्या पद्धतीची नंबरप्लेट. फी बदलत राहते आणि मुदत उलटलेल्या काळाचा भुर्दंडही असतो. तेव्हा परिवहन विभागाच्या संकेतस्थळावर पाहूनच निघावे. मुख्य म्हणजे रंगावर पैसे घालवण्याआधी कागद होऊ शकतात की नाही याची खात्री करावी. नाहीतर झळाळती गाडी परसातच उभी राहते.

चालवणाऱ्याची दुरुस्ती

गाडी जानेवारीत तयार झाली. पण चाळिशी ओलांडलेला, पंधरा-सोळा वर्षे मोटारसायकलला हात न लावलेला माणूस लगेच तयार होत नाही. डोक्यात पंचविशीतला चालक असतो, गुडघे आणि डोळे मात्र आजचे असतात. रस्तेही बदललेले असतात. ताशी ४० च्या वेगात गाडी एका सेकंदात ११ मीटर जाते. समोर काही आले हे कळून पाय ब्रेकवर जाईपर्यंतच तेवढे अंतर संपते. त्यात येझदीला दोन्ही चाकांना ड्रम ब्रेक. टू-स्ट्रोकला ॲक्सिलरेटर सोडल्यावर इंजिनाचा रोधही कमी मिळतो, उतारावर तर हे फार जाणवते. नव्या डिस्क ब्रेकच्या गाडीच्या हिशेबाने ती थांबेल अशी अपेक्षाच ठेवता येत नाही.

म्हणून चार रविवार शाळेच्या मैदानावर घालवले. चुन्याच्या रेघा ओढल्या. सावकाश आठचा आकडा काढणे, अरुंद जागेत वळणे, दोन्ही ब्रेक एकत्र लावून ठरल्या रेघेवर थांबणे, मान वळवून मागे पाहणे. शाळेचा शिपाई पायरीवर बसून मला गुण देत असे. पाचव्या रविवारी तो म्हणाला, "आता पास, सर." मग रस्ता. नव्या पिस्टनला पहिले काही शे किलोमीटर सौम्य चालवावे लागते, हे बरेच झाले. इंजिन आणि मी, दोघेही एकाच वेळी सरावलो.

पत्नीच्या तीन अटी होत्या. दोघांच्या डोक्यावर आयएसआय शिक्क्याची नवी हेल्मेट. माळ्यावर पडलेले जुने चालणार नाही. मगरिबनंतर गाडी बाहेर काढायची नाही. आणि हायवेला जायचे नाही. दुसरी अट तर यंत्राच्याच दृष्टीने योग्य आहे. सहा व्होल्टच्या दिव्याचा उजेड आजच्या रहदारीत कंदिलासारखा वाटतो. तिसरी अट मी पुढे शिथिल करून मागितली. ती अजून विचाराधीन आहे.

चावी आणि पाना

मुलगा सतरा वर्षांचा. गाडी सुरू झाल्याच्या पहिल्या दिवसापासून त्याचे एकच: "एक चक्कर!" मोहल्ल्यात चौदा-पंधरा वर्षांची मुले गाड्या उडवताना दिसतात, त्यामुळे त्याला नकार अन्यायाचा वाटणे स्वाभाविक होते. त्याला कायदा वाचून दाखवला. २०१९ च्या दुरुस्तीनुसार अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो. गाडीची नोंदणी वर्षभर रद्द होते आणि त्या मुलाला वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत लायसन्स मिळत नाही. गिअरच्या मोटारसायकलसाठी अठरा वर्षे पूर्ण व्हावी लागतात.

पण नुसत्या नकाराने घरात अबोला वाढतो. म्हणून उस्तादांनीच तोडगा काढला. "चावी अठराव्या वर्षी. पाना आजपासून." तो दर शनिवारी त्यांच्याकडे शागीर्दासारखा बसू लागला. आता प्लगचा गॅप, चेनचा ताण आणि पॉइंटची सफाई तो स्वतः करतो. ब्रेकची केबल कशी तुटते हे ज्याने हाताने पाहिले आहे, त्याला वेगाची ऐट जरा कमी वाटते. निदान माझा असा अनुभव आहे.

खर्च आणि एक विचार

आकडे लपवण्यात अर्थ नाही. इंजिनाचे काम १४,५०० रुपये. टायर, ब्रेक, केबली ७,२००. वायरिंग, कॉईल, बॅटरी ४,३००. रंग आणि क्रोम ९,०००. उस्तादांची मजुरी ८,०००. एकूण ४३,००० रुपये. वारसांना दिलेले १५,६०० आणि कागदांचा खर्च वेगळा. कर्ज काढले नाही. भिशीचा नंबर लागला त्यातून भागवले. एवढ्यात चांगली वापरलेली, लिटरला दुप्पट धावणारी गाडी मिळाली असती. शिवाय टू-स्ट्रोकचा धूर हा धूरच. न जळलेले पेट्रोल आणि ऑइल बाहेर पडते. म्हणून शाळेत मी रोज स्कूटरनेच जातो. येझदी निघते ती रविवारी सकाळी, रस्ते रिकामे असताना.

पैशांत हा सौदा तोट्याचा आहे, आणि ज्याच्या घरी मुलांची फी थकली आहे त्याने यात पडू नये. तुमच्याही परसात अशी गाडी असेल तर दोनच रस्ते आहेत. विकायची असेल तर विका आणि पैसे हक्कदारांत वाटा. ठेवायची असेल तर किंमत ठरवा, कागद करा, ब्रेकपासून सुरुवात करा. दोन्हीपैकी काहीही न करता तिला गंजत ठेवणे म्हणजे थोडेथोडे करून सगळ्यांचाच हिस्सा भंगारात घालणे.

फेब्रुवारीत पत्नीला मागे बसवून आतल्या रस्त्याने मिरजेला गेलो. आपा दारात आली. गाडीभोवती एक चक्कर मारली, टाकीवरून हात फिरवला आणि विचारले, "आरसी बुकवर आता कोणाचं नाव?" मी खिशातून काढून दाखवले. तिने ते शेवटपर्यंत वाचले, परत दिले आणि म्हणाली, "बरं झालं. आता घराचंही असंच स्वच्छ होऊ दे." मग आत जाऊन चहा टाकला.